रोजकीर्द लिहिलीस, खतावणी राहिली

तू विचारलंयस की गेल्या चार वर्षांत तीनदा डायरी सुरू केली, तिन्ही वेळा पंधरा दिवसांच्या आत बंद पडली, जेवढं लिहिलं ते उघडून बघितलं तर रोज तेच रडगाणं, मग स्वतःला ओळखायला आणि बदलायला या जर्नलिंगचा खरंच उपयोग होतो का. आणि शेवटी एका ओळीत विचारलंयस की नाशिकला आईच्या कपाटात त्या तीन वह्या पडल्यात, त्या फाडून टाकू का. त्याचं उत्तर शेवटी देते, तोपर्यंत फाडू नकोस. तू एकोणतीसची आहेस, माझी मुलगी साधारण तुझ्याच वयाची, म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.

मी बावीस वर्षं पुण्यात समुपदेशक म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी कधी ना कधी लिहायला लावतेच. उपयोग होतो, खूप होतो, पण बहुतेक जण ज्या पद्धतीने लिहितात त्या पद्धतीने होत नाही. तुझी डायरी बंद पडली यात तुझ्या शिस्तीचा दोष मला दिसत नाही, तू रोज लिहायचं ठरवलंस तिथेच ती बंद पडायची सोय झाली.

आमचं बार्शीला किराणा-भुसाराचं दुकान होतं. रात्री दुकान वाढवलं की वडील गल्ल्यापाशी बसून लाल कापडाच्या बांधणीच्या लांबुडक्या वहीत रोजकीर्द लिहायचे, दिवसभरात काय आलं काय गेलं, कोणी किती उधार नेलं, तारखेखाली एकाखाली एक. आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की दुसरी वही निघायची, खतावणी. रोजकीर्दीतली एकेक नोंद उचलून ज्याची त्याच्या खात्यावर चढवायची. एखाद्या गिऱ्हाइकाची उधारी रोजकीर्दीत वीस ठिकाणी विखुरलेली असते, इथे अर्धा किलो साखर, तिथे तेल, आणि ती कधीच डोळ्यात भरत नाही, पण खात्यावर चढली की एका नजरेत दिसतं अरे याचं बरंच झालं की.

आपण डायरी लिहितो ती नुसती रोजकीर्द असते, आज हे झालं, काल ते झालं, मूड खराब. खतावणी कोणीच करत नाही, म्हणून चार-चार वर्षं लिहून माणसाला स्वतःबद्दल नवीन असं काहीच कळत नाही, मग कंटाळा येतो आणि वही बंद.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. वडलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी दोन वर्षं पुणे-बार्शी चकरा मारत होते, नोकरी, घर, लहान मुलगी आणि दर शनिवारची एसटी, आणि त्या काळात मी आठवड्यातून दोनतीनदा वहीत लिहायचे. वडील गेल्यावर वर्षभराने ती वही धीर करून सलग वाचली. पानापानावर एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होतं, की मला कोणी विचारत नाही, दोन भाऊ असून सगळं माझ्यावरच. खरंच होतं ते. पण अख्ख्या वहीत एकाही पानावर असं लिहिलेलं नव्हतं की मी भावाला फोन करून म्हटलं, या शनिवारी तू जा. मी सांगितलंच नव्हतं कधी! लिहिताना दोन वर्षं हे माझ्या लक्षात आलं नाही, सलग वाचताना अर्ध्या तासात आलं. त्या दिवशी मला वडलांची खतावणी आठवली आणि तेव्हापासून मी लोकांना लिहायला सांगते तेवढंच परत वाचायलाही सांगते, थोडं जास्तच सांगते.

आता लिहायचं कसं ते. या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं काम जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं आहे. १९८६ साली त्याचा आणि सँड्रा बीलचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीतले ४६ विद्यार्थी, चार दिवस लागोपाठ, रोज फक्त पंधरा मिनिटं लिहायचं. काही जणांना खोलीचं किंवा बुटाचं वर्णन अशा फुटकळ विषयांवर लिहायला दिलं, बाकीच्यांना आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवावर, त्यातही काहींनी नुसती घटना लिहायची, काहींनी नुसत्या भावना, काहींनी दोन्ही. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही एकत्र लिहिल्या त्यांना पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं, नुसती कोरडी घटना लिहिणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. आणि एक गोष्ट लोक सांगायला विसरतात, लिहिल्या लिहिल्या त्या मुलांना बरं वाटलं नव्हतं, उलट वाईट वाटलं होतं. लिहून झाल्यावर रडू आलं म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय असं तुला वाटलं असेल तर ते मनातून काढून टाक.

चार दिवस, पंधरा मिनिटं. एवढंच होतं ते. रोज, आयुष्यभर, पहाटे पाच वाजता, असं काही त्यात नव्हतं.

नंतर पेनेबेकरने लोकांनी लिहिलेल्या मजकुरातले शब्द मोजायला सुरुवात केली, आणि त्यात दिसलं की ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कारण दाखवणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले होते. आपल्याकडचे शब्द म्हणजे कारण, म्हणून, त्यामुळे, लक्षात आलं, आत्ता कळलं. म्हणजे पहिल्या दिवशी लिखाण विस्कटलेलं असलं तरी चालतं, पण चौथ्या दिवसापर्यंत त्याची गोष्ट व्हायला लागली पाहिजे. चारही दिवस तीच आदळआपट असेल तर हाताला काही लागत नाही. तुझ्या वह्यांत "कारण" हा शब्द किती वेळा आलाय ते बघ एकदा, मला आपली शंका आहे.

मी ज्या पद्धतीने लिहायला सांगते ती अशी, एका वेळी एकच प्रसंग. दिवस नाही, आयुष्य नाही, नातं नाही, प्रसंग, जो घड्याळात मोजता येतो. तू उदाहरण दिलंयस की आईचा लग्नावरून फोन येतो आणि डोकं फिरतं. तुझ्यासारख्या किती मुलींच्या वहीत मी हे असं वाचलंय, "आज परत आईचा फोन, परत तेच, वैताग आलाय सगळ्याचा." बास. याच्यातून उद्या काय कळणार? आता हाच फोन असा लिही. रात्री नऊ वाजून दहा मिनिटं, मी डबा खात होते. आई म्हणाली, मावशीच्या ओळखीत एक स्थळ आहे, मुलगा बंगलोरला असतो, फोटो पाठवू का. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू बघू करत तीस होतील. मी म्हटलं, आई मला कॉल आहे, आणि फोन ठेवला. कॉल नव्हता. डब्यातलं तसंच ठेवलं. घसा आवळल्यासारखा झाला, कान गरम झाले.

बघ, तोपर्यंत एकही मत नाही त्यात, सीसीटीव्हीला दिसेल आणि ऐकू येईल एवढंच, आणि शरीरात काय झालं ते. पण "कॉल नव्हता" हे वाक्य वाचलंस? तुझ्या "वैताग आलाय" मध्ये ते वाक्य कधीच आलं नसतं. आता पुढचं लिहायचं, मी खोटं का बोलले, कारण... आणि पेन थांबवायचं नाही. कारण मी नाही म्हणाले तर ती रडते. कारण मला स्वतःलाच माहीत नाही मला लग्न करायचंय की नाही. कारण ती म्हणते ते थोडंसं खरं आहे याची मला भीती वाटते. तिसऱ्या-चौथ्या कारणाला बहुतेक वेळा खरं कारण येतं, पहिलं कारण हे जगाला सांगायचं असतं. हे मी तुझ्या मनातलं सांगत नाहीये, तुझं काय निघेल ते तुझ्याच पानावर निघेल, मी फक्त पान कसं चालतं ते दाखवतेय.

शेवटी एक ओळ, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी मी आईला म्हणेन की या विषयावर मी रविवारी निवांत बोलेन, रोज रात्री नको. एकच ओळ आणि करता येईल अशी. "पुढच्या वेळी शांत राहीन" ही ओळ चालत नाही, ती संकल्पांच्या यादीत जाते आणि तिथेच राहते.

आता मला सगळ्यात जवळचा भाग, भावनेचं नाव. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक सगळ्या भावनांना दोनच शब्द वापरतात, टेन्शन आणि फ्रस्ट्रेशन. परीक्षेचं टेन्शन, सासूचं टेन्शन, मुलगा परदेशी चाललाय त्याचं टेन्शन, मित्राला प्रमोशन मिळालं त्याचं पण टेन्शनच. अगं या चार पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत! आणि मराठीने आपल्याला यासाठी इतके नेमके शब्द दिलेत की लिहिताना नुसते ते शब्द वापरले तरी अर्धं काम होतं.

चुटपुट घे. पाहुणे गेले आणि लक्षात आलं की त्यांच्यासाठी बांधून ठेवलेले लाडू द्यायचे राहिले, ती चुटपुट. छोटी असते, आणि बहुतेक वेळा एका फोनने जाते. रुखरुख त्याहून लांबते, सगळं छान झालं पण एक माणूस यायला हवा होता तो आला नाही, की रुखरुख राहते. खंत म्हणजे जे आता परत फिरवता येणार नाही त्याचं दुःख, आजी असताना तिच्याशी बोलायला हवं होतं. सल तर आणखी वेगळा, तो काट्यासारखा आत राहतो, कोणीतरी बोललेलं किंवा केलेलं काहीतरी असतं त्याच्या मुळाशी, आणि वर्षानुवर्षांनी बोट लागलं की तेवढाच दुखतो. हुरहूर कशाच्या तरी जाण्याची किंवा येण्याची असते, ती संध्याकाळी जास्त होते आणि तिला औषध लागत नाही. घालमेल दोन गोष्टींमधली असते, म्हणजे कुठेतरी एक निर्णय अडलाय. कोंडमारा म्हणजे बोलायचंय आणि बोलता येत नाही. हेवा म्हणजे तुझ्याकडे आहे ते मला पण हवं, असूया म्हणजे तुझ्याकडे आहे हेच सहन होत नाही.

हा भाषेचा खेळ म्हणून सांगत नाहीये, प्रत्येक शब्द तुझ्याकडून वेगळं काहीतरी मागतो. चुटपुट लागली असेल तर फोन कर. घालमेल असेल तर पानाच्या दोन बाजूंना दोन पर्याय लिही आणि ठरव. हेवा वाटला तर लाजू नकोस, नीट लिही, कारण तुला आयुष्यात नक्की काय हवंय याची सगळ्यात खरी यादी तुला तुझ्या हेव्यातून मिळेल, दुसरीकडे कुठेच नाही. मैत्रिणीचं लग्न झालं तेव्हा काही वाटलं नाही, पण तिने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा आत काहीतरी हललं, असं पानावर आलं तर ते तुला तुझ्याबद्दल काहीतरी सांगतंय. आणि खंत असेल तर तिच्यावर उपाय शोधत बसू नकोस, ती फक्त लिहायची असते. या सगळ्याला "टेन्शन" म्हटलंस तर तुला कळणारच नाही की फोन करायचाय, निर्णय घ्यायचाय की नुसतं रडायचंय.

नाव दिल्याने नक्की काय होतं यावर मॅथ्यू लीबरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २००७ सालचा प्रयोग आहे, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला. रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवायचे आणि त्या भावनेला शब्दात नाव द्यायला सांगायचं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागाची, जो धोक्याला प्रतिसाद देतो, त्याची खळबळ कमी झालेली स्कॅनमध्ये दिसली. माझ्याकडे स्कॅन नाही, पण नेमका शब्द सापडल्यावर समोरच्या माणसाचे खांदे खाली येताना मी कितीतरी वेळा बघितलेत. एकदा एक गृहस्थ तीन आठवडे "डिप्रेशन आलंय" म्हणत होते आणि एक दिवस लिहिता लिहिता थांबून म्हणाले, मॅडम, मला ओशाळल्यासारखं वाटतंय हो मुलासमोर. तो शब्द मिळाल्यावर पुढचं बोलणं झालं, त्याआधी आम्ही नुसते फिरत होतो.

भाषेवरून आठवलं, तू इंग्लिश मीडियमची आहेस आणि डायरी इंग्रजीत लिहितेस असं लिहिलंयस. लिही, चुकीचं काही नाही. पण मी बघितलंय की आपली मुलं इंग्रजीत लिहायला लागली की ते ऑफिसच्या मेलसारखं होतं, सभ्य, नीटनेटकं, आतलं काही बाहेर न येऊ देणारं. ज्या भाषेत तू आईशी भांडतेस त्या भाषेत आईबद्दल लिही. उलट एखादी गोष्ट फारच जळजळीत असेल, मराठीत हातच चालत नसेल, तर पहिल्यांदा इंग्रजीत लिहायला हरकत नाही, तेवढं अंतर मिळतं. शुद्धलेखन, व्याकरण, मध्येच हिंदी, काही बघायचं नाही.

आता रडगाण्याचं. मराठीत याला उगाळणं म्हणतात आणि मला तो शब्द फार अचूक वाटतो, सहाणेवर तेच खोड तेच पाणी गोल गोल. लिहिणं आणि उगाळणं बाहेरून सारखंच दिसतं, हातात पेन, समोर वही, डोळ्यात पाणी, पण परिणाम उलटा होतो. सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात मोठा भूकंप झाला, त्याच्या दोन आठवडे आधी योगायोगाने त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची माहिती भरून घेतली होती, कोण दुःखात उगाळत बसतं, कोण काहीतरी हालचाल करतं वगैरे. भूकंपानंतर परत बघितलं तर ज्यांची आधीपासून उगाळायची सवय होती ती मुलं दहा दिवसांनीही आणि सात आठवड्यांनीही जास्त खचलेली होती. आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला अ‍ॅरिझोनातला एक अभ्यास आहे, नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेले ९० लोक, त्यातल्या ज्यांना सतत "असं का झालं" याचा अर्थ शोधत बसायची सवय होती त्यांना भावना खोल खोल लिहायला लावल्यावर काही महिन्यांनी त्यांची अवस्था साधी दिनचर्या लिहिणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली. म्हणून कोणी सरसकट सांगितलं ना की मनातलं सगळं कागदावर उतरव, मोकळं वाटेल, तर मी तिथे थांबवते. सगळ्यांना नाही वाटत.

ओळखायचं कसं? एका बैठकीत तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं की समजायचं सहाण सुरू झाली. तेव्हा लिहिणं थांबवायचं नसेल तर "मी" सोडून दे आणि स्वतःबद्दल नावाने लिही, घरात तुला ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने. "पिंकीने फोन ठेवला. पिंकीला भीती कशाची वाटली?" असं. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांचं यावर काम आहे, स्वतःकडे थोडं लांबून बघितलं की माणूस कमी उगाळतो. पहिल्यांदा वेडगळ वाटतं, पण हात मोकळा होतो, कारण आपण दुसऱ्याला सल्ला देताना जेवढे समंजस असतो तेवढे स्वतःशी नसतो. तरीही तेच येत असेल तर वही मिट, भांडी घास, गच्चीत जाऊन ये. आणि घाव अगदी ताजा असेल, ब्रेकअप परवा झालंय, घरात कोणी आठ दिवसांपूर्वी गेलंय, तर त्या विषयावर खोल लिहूच नकोस इतक्यात, नुसतं काय खाल्लं, कोण भेटायला आलं एवढं लिही, तेही पुरे असतं. ज्या विषयाला हात लावला तर आपण सावरणार नाही असं आतून वाटतं त्या विषयाला एकटीने हात लावायचा नाही, हा नियम मी कोणासाठीच मोडत नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोलायचं, डॉक्टरकडे जायचं, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे १४४१६, मराठीतही बोलता येतं.

पानावर अजून एक गोष्ट शोधायला मी शिकवते, मराठीतला "च". अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमाराला जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली तिचा गाभा असा की आपल्याला घटनेपेक्षा आपल्या हट्टी मागण्या जास्त त्रास देतात, असं झालंच पाहिजे, असं होताच कामा नये. इंग्रजीत त्याला अख्खा शब्द लागतो, आपल्याकडे ती मागणी एका अक्षरात येऊन बसते. "आईने मला समजून घेतलंच पाहिजे." "माझ्याकडून चूक होताच कामा नये." "सगळ्यांना मी आवडलेच पाहिजे." लिहिताना "च" पटकन निसटून जातो, वाचताना पेन्सिलने त्याच्याभोवती गोल कर आणि तो काढून वाक्य परत लिही, "आईने मला समजून घेतलं तर मला फार बरं वाटेल." दोन्ही वाक्यं मोठ्याने वाच. दुसऱ्या वाक्यात दुःख आहे, पण त्यात श्वास घेता येतो.

ग्रॅटिट्यूड जर्नलबद्दल, म्हणजे ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहून ठेवण्याबद्दल विचारलंयस, थोडक्यात सांगते. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास आहे, आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. आठवड्यातून एकदा हे लक्षात ठेव, रोज लिहिलं की चौथ्या दिवशी आईबाबा, आरोग्य, नोकरी अशी यादी उतरवली जाते आणि मन त्यात नसतं. रात्री झोप लागत नसेल तर त्यासाठी वेगळीच युक्ती, २०१८ साली अमेरिकेत बेलर युनिव्हर्सिटीत ५७ जणांवर केलेला प्रयोग आहे, झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहून काढणारे दिवसभरात झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी तपशिलात तितकी झोप लवकर. भावना वगैरे काही नाही, फक्त कामं.

वही कुठली, पेन कुठलं, याच्यात वेळ घालवू नकोस. शंभर पानी साधी वही घे, महागडी चामड्याच्या कव्हरची आणलीस तर तिच्यात वाईट अक्षरात रागाचं लिहायला हात धजत नाही. मोबाइलवर लिहिलंस तरी चालेल, हाताने लिहिण्याचा फायदा इतकाच की वेग कमी होतो आणि मध्ये विचार शिरायला जागा मिळते.

खरा प्रश्न वहीचा नसतो, कोणी वाचेल का हा असतो. आपल्या घरांमध्ये वन बीएचकेत पाच माणसं असतात, कपाटाला कुलूप लावलं तर "आमच्यापासून काय लपवायचंय" असं विचारलं जातं. माझ्याकडे एक मुलगी यायची, तिची वही घरात वाचली गेली आणि त्यानंतर सहा महिने तिने एक ओळ लिहिली नाही, आणि मग लिहायला लागली ती दुसऱ्याने वाचावी अशी, स्वतःची बाजू मांडणारी, निवेदन दिल्यासारखी. ही भीती असताना केलेलं लिखाण कामाचं नसतं, कारण आपण नकळत वकिली करतो. म्हणून अशांना मी सुट्या फुलस्केपवर लिहायला सांगते, लिहायचं, त्याच बैठकीत एकदा वाचायचं, खतावणीच्या वहीत फक्त दोन शब्द टाकायचे ज्याचा अर्थ इतर कोणाला लागणार नाही, आणि कागद फाडून टाकायचा. एक काका निवृत्तीनंतर मोडी शिकले होते, ते सगळं मोडीत लिहायचे, घरात कोणाला वाचता येत नव्हती आणि ते अगदी निश्चिंत असायचे.

आता खतावणी करायची कशी. महिन्यातून एकदा, शक्यतो रविवारी दुपारी, तासभर. महिन्यात सहा-आठ पानं असली तरी खूप झाली. सलग वाचायचं, दुरुस्त काही करायचं नाही, आणि मागच्या पानांवर खाती पाडायची. माणसांची खाती पाड, कोण किती पानांवर येतंय. वाक्यांचं खातं पाड, कुठलं वाक्य परत परत येतंय. एका मुलीच्या अकरा पानांपैकी नऊ पानांवर "मी काही बोलले नाही" हे वाक्य होतं, आणि ती माझ्याकडे आली होती ती लोक माझा फायदा घेतात ही तक्रार घेऊन. मी तिला काही सांगितलं नाही, तिनेच नऊ वेळा अधोरेखित केलं आणि वर बघितलं. वेळेचं पण खातं पाड. एका बँकेतल्या साहेबांना वाटायचं आपल्याला नोकरीचा वीट आलाय, राजीनाम्याचा मसुदा तयार होता, खतावणी केली तर वाईट दिवस म्हणून लिहिलेली जवळजवळ सगळी पानं गावाकडच्या भावाशी जमिनीवरून फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची निघाली. नोकरी अजून करतात, भावाबरोबर बसून वाटणीचं बोलून घेतलं. (दोघांचेही तपशील बदललेत मी.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं खातं म्हणजे जे नाही त्याचं. माझ्या वहीत जसं भावाला केलेला फोन नव्हता तसं. हे शोधायला जड जातं कारण नसलेलं दिसत नाही, म्हणून मी प्रश्नच देते: या पानांत मी कोणाकडे काही मागितलंय का? मी कोणाला नाही म्हटलंय का? मी हसलेय का? ज्या माणसाबरोबर मी रोज राहते त्याचं नाव कुठे आहे का? एकदा एका बाईंच्या तीन महिन्यांच्या वहीत नवऱ्याचं नाव एकदाही नव्हतं, भांडण नाही, तक्रार नाही, काहीच नाही. त्या बराच वेळ गप्प बसल्या.

"पुढच्या वेळी" म्हणून लिहिलेल्या ओळींचं पण खातं काढ. किती केल्या, किती राहिल्या. राहिली म्हणून स्वतःला बोलायचं नाही, ती ओळ लहान करायची. आईला रविवारी बोलू असं सांगणं जमलं नाही ना, मग पुढच्या वेळी फोन ठेवताना निदान "कॉल आहे" असं खोटं बोलणार नाही, नुसतं "आई, आता ठेवते" म्हणेन. बदल असाच होतो, माझ्याकडे आलेल्या माणसांमध्ये तरी मी असाच बघितलाय.

किती दिवस, किती वाजता, हे तू ठरव. मी सांगेन की आठवड्यातून दोनदा, आणि ज्या दिवशी काही खुपलं त्या दिवशी, वीस मिनिटांच्या वर नाही. दोन आठवडे काहीच लिहिलं नाहीस तर ती डायरी बंद पडली असं समजू नकोस, मधल्या तारखा भरून काढायचा नाद पण करू नकोस, सरळ आजची तारीख टाक.

आणि त्या तीन वह्या. फाडू नकोस. दिवाळीला घरी जाशील तेव्हा सगळ्यात जुनी वही आधी काढ, एक पेन्सिल घे आणि दुपारी सगळे झोपले की बस. रडगाणं वाटतंय ना तुला, वाटू दे, तेच वाक्य किती वेळा आलंय ते मोज आणि मागच्या कोऱ्या पानावर लिही. मग दुसरी वही, मग तिसरी. चार वर्षांपूर्वी ज्याच्यामुळे झोप उडायची असं एक तरी नाव त्यात निघेल जे आता तुला आठवावं लागेल, आणि एक तरी गोष्ट अशी निघेल जी तिन्ही वह्यांत आहे. ती गोष्ट घेऊन पुण्याला परत ये आणि नव्या वहीचं पहिलं पान तिच्यावर लिही, पंधरा मिनिटं, चार दिवस लागोपाठ.

आईसमोर वाचलीस तरी चालेल, पण तयारी ठेव की ती विचारेल काय लिहिलंयस. तुझ्या पत्रावरून मला वाटतं की तिला सांगण्यासारखं त्यात बरंच आहे.